मुलाच्या एडीएचडी (लक्ष न टिकणं, चुळबुळ, उतावळेपणा) असेसमेंटसाठी गेलो त्या क्लिनिकचा अनुभव, पुणे

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. डायरीत रोज शेरा, डबा हरवला, वही हरवली, बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळा. आधी एका ठिकाणी गेलो होतो तिथे वीस मिनिटांत बघितलं आणि डोक्याला वायरी लावून ब्रेन मॅपिंग करायला लावलं, रंगीत चित्रांचा रिपोर्ट आला पण पुढे करायचं काय ते कुणी सांगितलंच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय. एडीएचडी रक्ताच्या तपासणीवर किंवा स्कॅनवर ठरत नाही, हे या क्लिनिकमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं.

चार व्हिजिट लागल्या. पहिले दीड तास नुसते प्रश्न, प्रेग्नन्सीपासून. कान-डोळे तपासून आणायला सांगितले, रात्री घोरतो का विचारलं, कारण झोप नीट झाली नाही तरी पोरं अशीच वागतात. मग लक्षणं किती वेळा दिसतात ते विचारणारे वॅन्डरबिल्टचे फॉर्म, आम्हाला ५५ प्रश्न आणि शाळेतल्या बाईंना ४३. लक्षणं घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत, कमीत कमी सहा महिने, आणि बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली. लक्ष न लागण्याची ९ आणि चुळबुळ-उतावळेपणाची ९, कुठल्यातरी एका गटातली ६ तरी हवीत. आमची पहिल्या गटातली ८ निघाली.

सासूबाईंचा प्रश्न होता, टीव्हीपुढे दोन तास हलत नाही मग लक्ष नाही कसं? क्लिनिकच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना शांतपणे समजावलं, आजी, लक्ष आहे, पण ते पाहिजे तिथे वळवणं आणि टिकवून धरणं त्याला जमत नाही, तो मुद्दाम करत नाही. त्या दिवसापासून घरातली आरडाओरड निम्म्याने कमी झाली, खरंच.

घरात अजून कुणाला असं होतं का विचारलं तेव्हा मिस्टर गप्प. पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी कराडच्या घरातल्या ट्रंकेतून यांची प्रगतिपुस्तकं आणली. चौथीत शेरा "हुशार आहे पण वर्गात लक्ष नसते", पाचवीत तोच, सातवीतही तोच. यांचं वय आता ४१. मॅडमनी मोठ्यांच्या सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवलं, तिथे वय १७ किंवा त्यापुढे असेल तर ६ ऐवजी ५ लक्षणं धरतात पण लहानपणी होती याची खात्री लागते, त्याला ही प्रगतिपुस्तकं कामी आली. परत येताना हे गाडीत बसून राहिले, चावी फिरवलीच नाही, म्हणाले मला इतकी वर्षं वाटत होतं मी आळशी आहे.

गोळीची घाई केली नाही. आधी आम्हा दोघांचं ट्रेनिंग, एका वेळी एकच सूचना द्यायची, जवळ जाऊन द्यायची, जमलं की लगेच कौतुक. मग मुलाला मिथाइलफेनिडेट ही एडीएचडीची गोळी, अगदी कमी डोसपासून. हे शेड्यूल एक्सचं, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेलं औषध आहे, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं, एक मेडिकलवाला ठेवून घेतो आणि सगळीकडे मिळतही नाही, त्यामुळे संपायच्या आठवडाभर आधीच बघा. भूक मरते, दुपारचा डबा तसाच परत येतो, म्हणून गोळीआधी पोटभर पोहे-उपमा आणि रात्री उशिरा पुन्हा वरणभात. दर व्हिजिटला उंची, वजन, बीपी, नाडी बघतात. यांना अ‍ॅटोमोक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध दिलंय, त्याचा फरक दिसायला काही आठवडे जातात, धीर धरा.

अजून एक, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात एडीएचडीचं नाव नाही, लर्निंग डिसॅबिलिटीचं आहे, त्यामुळे वाचन-लेखनातही अडचण असेल तर त्या कायद्याच्या सवलतींसाठी लर्निंग डिसॅबिलिटीची टेस्ट वेगळी करून घ्या, आम्हाला इथे न विचारता सांगितलं.

तक्रारी दोन. शनिवारची अपॉइंटमेंट महिना-दीड महिना मिळत नाही. आणि फॉर्म, रिपोर्ट सगळं इंग्रजीत. आमची शाळा मराठी माध्यमाची, बाईंसाठी ४३ प्रश्न मी रात्री बसून मराठीत लिहून काढले. पाचपैकी चार स्टार. तो मराठी कागद रिसेप्शनवर देऊन आलेय, पुढच्या पालकांना द्यायला लागले की पाचवाही देईन.