भट्टीची क्वार्ट्झ नळी: आधी ओएचचा आकडा बघा

विजेच्या भट्टीत वितळवलेल्या क्वार्ट्झची नळी ११०० अंश सेल्सियसच्या कामाला मला सर्वांत भरवशाची वाटते. कारण काचेत विरघळलेलं पाणी. ते ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटांच्या रूपात सिलिकॉन-ऑक्सिजनचे पूल तोडतं आणि काच लवकर मऊ पडते. या नळीत ओएच साधारण ३० पीपीएमच्या (दहा लाखांत ३० भाग) आत. ज्योतीवर वितळवलेलीत १५०-२००, कृत्रिम ‘ओल्या’ सिलिकात (रसायनांपासून केलेली, जास्त ओएचची तशीच काच) १००० च्या घरात. तिथे ॲनीलिंग बिंदू (काचेतला ताण सैल पडतो ते तापमान) शंभरेक अंशांनी खाली येतो, मग दोन टोकांवर टेकवलेली नळी मधोमध लोंबते.

पारदर्शकतेत विजेवर वितळवलेली नळी थोडी कमी, बारीक बुडबुडे दिसतात. तापवण्याआधी अल्कोहोलने पुसाच: बोटांच्या ठशातल्या सोडियममुळे क्रिस्टोबलाइटचे (सिलिकाच्या स्फटिकरूपाचे) पांढरे डाग धरतात, आणि थंड होताना नळी तिथूनच तडकते.