बिल भरलेलं असूनही ७४,५०० रुपये गेले

हसायचं असेल तर आधी हसून घ्या. बिल वेळेवर भरणारा माणूस मी, आणि बिल थकल्याच्या मेसेजला फसलो.

शनिवारी संध्याकाळी मेसेज आला, आज रात्री साडेनऊला वीज कापणार, मागचं बिल अपडेट नाही, या अधिकाऱ्याला फोन करा. हे सगळ्यांना माहितीये म्हणाल. मलाही माहीत होतं हो! पण आईचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, तिथे डोकं चालत नाही.

समोरचा अगदी सरकारी वैतागात बोलत होता. म्हणे १० रुपये भरा, अपडेट होईल, त्यासाठी हे अ‍ॅप टाका. टाकलं, त्यावर आलेला नंबरही सांगितला. मोबाईलने विचारलं सुद्धा, स्क्रीन शेअर करायची का, आणि मी हो दाबलं. अरे, दहा रुपयांसाठी त्याला माझी स्क्रीन कशाला दिसायला हवी? अजून रात्री हेच आठवतं. पासवर्ड मी टाइप केला, ओटीपी त्याने तिथेच वाचला. १० गेले, मग ४९,९९०.

मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून होता, हे नंतर मुलीने दाखवलं. महावितरणचे मेसेज असे येत नाहीत, नीट बघत जा. आणि थकबाकी असली तरी वीज कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. रात्री साडेनऊला कोण येतंय कापायला, आमच्याकडे वीज गेली तरी कोणी येत नाही!

बँकेला फोन लावला तर एक दाबा, चार दाबा, मग गाणं. ते ऐकत असतानाच २४,५०० गेले. ग्राहकाने कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सर्क्युलर काढून सांगितलंय, पण होल्डवर थांबणं म्हणजे कळवणं नाही म्हणे! मॅनेजर म्हणतो, ओटीपी तुम्हीच दिलात ना. दिला नाही हो, त्याने बघितला! पोलीस ठाणं म्हणतं सायबरला जा, सायबरवाले म्हणतात ठाण्यात जा. १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लागली एकदाची, त्यातून ६,२०० कुठल्यातरी खात्यात अडवलेत, ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. म्हणून पहिले मोबाईलचं नेट बंद करा, मग १९३० लावा, बँकेची गाणी नंतर ऐका.

मेसेजचा, त्याच्या नंबरचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, सगळीकडे तेच मागतात. माझ्याकडे नाही, घाबरून त्याच रात्री फोन फॉरमॅट करून टाकला मी.