स्टोन पाइनची कलमं घेताय? आधी टेप सोडून बघा

पोर्तुगालमध्ये जमीन घेऊन स्टोन पाइन लावायच्या विचारात असलेल्या आपल्या गोवेकरांसाठी मुद्दाम लिहितोय. आल्कासेर दो साल, ग्रान्दोला या पट्ट्यातली वाळूची जमीन या झाडाला मानवते. त्याच्या बिया, म्हणजे चिलगोझ्याचे भाऊबंद, चांगला भाव खातात. म्हणूनच रोपं विकणारे ठगही इथे फिरतात.

सगळा मामला कलमाचा आहे. बियांपासून वाढवलेलं झाड धड उत्पन्न द्यायला १५-२० वर्षं घेतं. साध्या रोपाच्या खुंटावर भरघोस धरणाऱ्या जुन्या झाडाची काडी बांधलेलं कलम त्याच्या कितीतरी आधी शंकू धरतं; बिया याच शंकूंत भरतात. शंकू पिकायला तीन वर्षं लागतात ती वेगळीच. म्हणून कलमाला साध्या रोपाच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात, आणि आपण मोजतोही.

मला गाठणाऱ्याने आधी शंकूंनी लगडलेली एक देखणी बाग दाखवली. ती त्याची नव्हती, हे फार नंतर कळलं. माल आला तो हिवाळ्यात, अंधार पडता पडता. प्रत्येक रोपाच्या जोडावर जाड टेप आणि वरून मेण. ‘वर्षभर सोडू नका, जोड हलेल,’ असं त्याने दोनदा बजावलं. पैसे रोख घेतले, पावती मागाहून पाठवतो म्हणाला.

वसंतात फुटवे आले ते निळसर. आयुष्यभर कलमं बांधलेले शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले, एक कोंब बोटांत धरून बघितला आणि खिशातला चाकू काढला. मोठ्या झाडाच्या सुया, म्हणजे पाइनची पानं, हिरव्या, लांब आणि जोडीजोडीने येतात. कोवळ्या रोपाच्या निळसर, आखूड, एकेकट्या. जुन्या झाडाची काडी लागली असती तर वर जोडसुया दिसायला हव्या होत्या. त्यांनी टेप चिरली. आत कलमकाडीचं वाळून तपकिरी झालेलं थोटूक होतं, आणि त्याच्या खालून फुटलेला खुंटाचाच कोंब सरळ करून टेपेत बांधला होता. पुढच्या रोपांत तर काप दिलेलाच नव्हता, नुसत्या खोडावर टेप गुंडाळलेली!

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, ‘थांबा, जोडसुया येतील.’ येतात ना, काही वर्षांनी, कुठल्याही साध्या रोपाला येतात. त्या आल्या म्हणून शंकू लवकर धरत नाहीत. असं अर्धसत्य सांगून तो गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं झुलवत ठेवतो. मी कागद मागितले आणि फोन बंद झाला.

कागद हाच खरा पुरावा. युरोपीय संघाच्या १९९९च्या नियमांत हे झाड मोडतं. जंगल-लागवडीसाठी विकलेल्या रोपांबरोबर मूळ बी किंवा काडी कुठली, हे सांगणारा पुरवठादाराचा दाखला लागतो. शिवाय रोपांचा पासपोर्ट, म्हणजे रोपांच्या आरोग्याचा कागद, वेगळा, कारण पाइनच्या रोपांतून रोग पसरतात. दोन्ही कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी दिवसाउजेडी बोलवा, कुठलीही चार-पाच रोपं स्वतः उचला आणि टेप सोडून जोड बघा. तो सोडू देत नसेल तर गाडी तशीच परत पाठवा.

ज्यांची रोपं आधीच लागली आहेत त्यांनी ती उपटू नयेत. मुळं धरलेली असतील तर वसंतात शेंड्याचा कोंब कोवळा असताना जागेवरच कलम बांधता येतं. आजोबांनी माझ्याकडे कामाला सुरुवात केली आहे, आणि काडी कुठल्या झाडाची ते प्रत्येक खुंटावर पत्र्याच्या चिठ्ठीवर कोरून ठेवतात.