गाठी कुठपर्यंत काढायच्या?

देवगडहून एकाने विचारलंय. कर्करोगामुळे वडिलांचं मूत्राशय काढायचं ठरलंय. मुंबईतले एक डॉक्टर ओटीपोटातल्या नेहमीच्याच लसिकाग्रंथी (कर्करोग जिथे आधी पसरतो त्या छोट्या गाठी) काढू म्हणतात, दुसरे थेट महाधमनीच्या फाट्यापर्यंत, म्हणजे पोटातली मुख्य रक्तवाहिनी दुभंगते तिथपर्यंत.

आयुष्य वाढतं का? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत पाच वर्षांनी हयात होते नेहमीच्या पद्धतीत ६३ टक्के, वरपर्यंत गेलेल्यांत ५९. म्हणजे फायदा नाहीच. शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांतले मृत्यू मात्र २ विरुद्ध ७ टक्के! ‘जास्त काढलं की सगळं साफ’ हे ऐकायलाच बरं.

खर्चाचं विचाराल तर गुंतागुंत झाली की मुंबईतला मुक्काम लांबलाच.

थकलेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला नेहमीचीच शस्त्रक्रिया बरी. पण गाठी अजिबात न काढणं, हे नको. स्कॅनमध्ये वरच्या गाठी सुजलेल्या दिसत असतील, तर आधी केमोचं विचारा, चाकूचं नंतर.