पुण्यातलं लिनोकट वर्कशॉप, कमी ऐकू येणाऱ्यांनी जाण्याआधी वाचा

मला दोन्ही कानांना मशीन आहे आणि मी इलस्ट्रेशनची कामं करते. मागच्या शनिवार-रविवारी एका स्टुडिओत लिनोकट शिकले, म्हणजे लिनोच्या शीटवर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छापायचं. नाव देत नाही, कारण कुठल्याही क्लासला मला हेच अनुभव आलेत.

मटेरियल एक नंबर. लिनो मऊ, टूल्सना धार, कागद भरपूर. सर पण मनापासून शिकवतात.

पण सर कापता कापता बोलतात आणि मी ओठ बघून समजून घेते, आता टूलचा अँगल बघू की ओठ बघू? बाकीचे हाताकडे बघत ऐकतात, माझं एक काहीतरी सुटतंच. वर एक्झॉस्ट फॅन चालू. मशीन फॅनचा आवाजपण वाढवतं हे लोकांना माहीतच नसतं, चष्मा घातला की स्पष्ट दिसतं तसं नाहीये ते.

मग शाईची वेळ आली. सर म्हणाले आवाज ऐका, रोलरखाली बारीक चरचर आली की शाई बरोबर. सगळे माना डोलवत होते आणि मला काहीच नाही, माझे पहिले चार प्रिंट शाईने भरून गेले, बारीक रेषा सगळ्या बुजल्या. घरी येऊन रडले खरंच.

रविवारी सकाळी सरांना एकटं गाठून सांगितलं. त्यांनी फॅन बंद केला, आधी न बोलता करून दाखवलं, मग माझ्याकडे तोंड करून समजावलं. आणि शाई काचेवर पसरून दाखवली, संत्र्याच्या सालीसारखी दिसली तर जास्त, मखमलीसारखी दिसली तर बरोबर. पाचवा प्रिंट इतका स्वच्छ आला की तो फ्रेम करणार आहे. नंतर बाजूच्या दोघीपण शाई बघूनच लावत होत्या.

चहाच्या ब्रेकला मात्र काही बदललं नाही. आठ जण एकदम बोलतात, मी विचारलं की "काही नाही गं, नंतर सांगते". एका ग्रुप शोसाठी प्रिंट मागवतायत हे तिथेच ठरलं, मला कळेपर्यंत नावं देऊन झाली होती. कामं अशीच मिळतात आमच्यात, चहावर.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात कमी ऐकू येणं म्हणजे दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबलचा लॉस असं स्पष्ट लिहिलंय, पण यांच्या फॉर्ममध्ये जेवण जैन हवं का हा कॉलम आहे, ऐकायला काही मदत लागेल का हा नाही. तो टाका प्लीज.

शनिवारला २ स्टार, रविवारला ५. जाणार असाल तर सरांना आधीच मेसेज करा, माझ्यासारखा एक दिवस घालवू नका.