पिठवण म्हणून सालवण गळ्यात पडते ती अशी

दशमुळाला, म्हणजे आयुर्वेदातल्या दहा औषधी मुळ्यांच्या मिश्रणाला, बाजार आहे हे कळल्यापासून त्यातल्या पिठवणीची रोपे, बी आणि मुळ्या विकणारे गावोगाव फिरू लागले आहेत. शेतकऱ्यांना येणारा अनुभव बहुधा एकाच धाटणीचा असतो. मध्यस्थ येतो, "पिठवण लावा, माल आम्हीच उचलू" म्हणतो, पिशवीतली तीन-चार पानांची रोपे देतो आणि पैसे रोख घेतो. पुढे माल निघतो तेव्हा औषधी मालाचा व्यापारी मूठभर नमुना बघून सांगतो की ही पिठवण नव्हे. तोवर मध्यस्थाचा फोन लागत नाही.

डाव साधतो तो रोपाच्या वयामुळे. पिठवण (उरारिया पिक्टा) आणि सालवण (डेस्मोडियम गँजेटिकम) दोन्ही शेंगवर्गातल्या, दोन्ही बहुवार्षिक, दोघींच्या शेंगा पेरापेरांच्या. मोठ्या पिठवणीला एका देठावर पाच ते सात, कधी नऊ लांब चिंचोळ्या पर्णिका (एका पानाचे सुटे भाग) असतात. पण लहान रोपाची खालची पाने एकपर्णी किंवा त्रिपर्णी, म्हणजे एकाच किंवा तीन पर्णिकांची, येतात. सालवणीचे पान जन्मभर एकपर्णीच राहते. म्हणजे पिशवीतल्या कोवळ्या रोपात दोघींचा फरक नवख्याला दिसतच नाही, आणि विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. पिठवण रानात विरळ झाली आहे. सालवण पानझडी जंगलाच्या सावलीत अजून बऱ्यापैकी मिळते. मग पिशवीत काय भरले जात असेल ते उघड आहे.

पान पाहायचेच असेल तर झाडाच्या वरच्या भागाचे पाहा. पिठवणीच्या पर्णिकेवर मधल्या शिरेच्या बाजूने पांढुरका-करडा पट्टा असतो. सालवणीचे पान अंडाकृती, टोकाला निमुळते, वरून हिरवे आणि खालून दाट बारीक लवेमुळे फिकट. "ही बिनपट्ट्याची जात आहे, पट्टा दुसऱ्या वर्षी येतो" असे कुणी सांगू लागला तर व्यवहार तिथेच थांबवा.

खरा निवाडा शेंगेवर होतो. पावसाळा सरता सरता, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरात, दोन्ही झाडांवर फुले-शेंगा असतात. सालवणीची शेंग चपटी, जराशी वाकडी, सहा ते आठ पेरांची. वरची कड जवळजवळ सरळ, खालची कड प्रत्येक पेराशी खाचलेली. अंगावर आकड्यासारखी लव असल्याने झाडाला घासून गेलात की पेरे सुटून कपड्यांना चिकटतात. पिठवणीचा तुरा शेंड्यावर, लांब आणि गच्च, फूटभर किंवा त्याहूनही मोठा. फूल गळल्यावर त्याचा बारीक देठ आकड्यासारखा वळतो. त्याच्या टोकाची शेंग इतकी छोटी की बोटाच्या पेरावर मावेल. तिची तीन ते सहा पेरे पेटीच्या भात्यासारखी एकावर एक दुमडलेली, गुळगुळीत, शिशाच्या रंगाची आणि चकाकणारी. ही शेंग कपड्याला चिकटत नाही. दोन्ही शेंगा एकदा शेजारी ठेवून पाहिल्या की पुन्हा चूक होणे कठीण.

भेसळीत आणखीही मंडळी येतात. अलिसिकार्पसचे पान सालवणीसारखे एकपर्णी, पण शेंग चपटी नसून फुगीर. तडेहागी ट्रायक्वेट्रमच्या पानाचा देठ दोन्ही बाजूंनी पंखासारखा रुंद असतो, तेवढी एक खूण पुरे. उरारिया लॅगोपोडियॉइडिस ही पिठवणीचीच बहीण. ती जमिनीलगत पसरते, पर्णिका एक ते तीन आणि गोलसर, तुरा आखूड. केरळात शालपर्णी (सालवणीचे संस्कृत नाव) म्हणून मूविला (स्यूडार्थ्रिया व्हिस्किडा) वापरतात. तिची पाने त्रिपर्णी आणि शेंग चिकट, पेरे नसलेली. तिकडच्या व्यापाऱ्याशी सौदा करताना नुसते "शालपर्णी" लिहून भागत नाही, शास्त्रीय नाव लिहून घ्या. सालवणीला नव्या वर्गीकरणात प्लुरोलोबस गँजेटिकस म्हणतात. नाव बदललेय असे सांगून दुसरीच वनस्पती देणाऱ्यांना तेवढ्यावर गप्प करता येते.

सुक्या मुळ्यांच्या जुडीत खोडाचे तुकडे मिसळलेले असतात, कारण खोड कापणे सोपे आणि वजन जास्त. तुकडा आडवा कापून भिंगाखाली धरा: मध्यभागी मऊ गाभा दिसला तर ते खोड. डोळे आणि पानांचे वण हीही खोडाचीच खूण. चूर्ण मात्र डोळ्यांनी ओळखता येत नाही. ते घ्यायचे तर सूक्ष्मदर्शक तपासणीचा अहवाल त्याच लॉटचा हवा.

बी घेताना 100 बियांची चाचणी आधी करा. कवच टणक असते. 50 बिया बारीक पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासून रात्रभर भिजवा, 50 तशाच भिजवा. घासलेल्या उगवल्या आणि बाकीच्या न फुगता तशाच राहिल्या तर बी चांगले आहे, फक्त प्रक्रिया हवी. घासलेल्याही फुगून बुरशी धरू लागल्या तर बी मेलेले आहे. "तुम्ही पाणी जास्त दिलेत" हे ठरलेले उत्तर मग चालत नाही.

पैसे देण्याआधी मातृरोपे शेंगांवर असताना दाखवायला सांगा. खालची आणि वरची पाने, तुरा, शेंगा असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, कागद रोज बदला, ठिकाण आणि तारीख लिहा. असा नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात ओळखीसाठी देता येतो. नुसते पान नेऊ नका, त्यावर खात्रीने कुणी लिहून देणार नाही.

पावतीवर "औषधी रोपे" असे मोघम लिहू देऊ नका. शास्त्रीय नाव, नग किंवा किलो, मूळ की पंचांग (मुळासकट सगळे झाड), आणि परत खरेदीचा करार असेल तर त्यातही तेच नाव. मालाचे दोन नमुने दोघांच्या सहीने सीलबंद करून एक स्वतःकडे ठेवा. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षे. बहुवार्षिक पिकात ती लागवडीच्या धांदलीत निघून जाऊ शकते, म्हणून पहिल्या शेंगा दिसताच ओळख पटवून घ्या आणि गडबड आढळली तर त्याच आठवड्यात लेखी नोटीस पाठवा.