स्वस्त आयातीविरुद्ध दाद कुठे मागायची: डीजीटीआर की बजेट?

वसईत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बनणारा माल न्हावा शेव्याला निम्म्या भावात उतरू लागला, की कारखानदारापुढे दोन दारं असतात. एक, वाणिज्य मंत्रालयाच्या डीजीटीआरकडे (व्यापार उपाय महासंचालनालयाकडे) अँटी-डम्पिंगचा अर्ज, म्हणजे परदेशी माल त्याच्या घरच्या बाजारापेक्षा स्वस्तात इथे ओतला जातोय म्हणून त्यावर जादा ड्युटी लावण्याची मागणी. दुसरं, असोसिएशनमार्फत अर्थ मंत्रालयाकडे बजेटपूर्वी बेसिक कस्टम्स ड्युटी, म्हणजे मूळ आयात शुल्क, वाढवण्याची मागणी.

डीजीटीआर २०१८ पासून आहे. डम्पिंग, परदेशी सरकारांची अनुदानं आणि सेफगार्ड (आयात अचानक वाढल्यास देशी उद्योगाला संरक्षण) या तिन्ही चौकशा ते करतं. पण त्याच्या हातात शिफारस आहे, हुकूम नाही. ड्युटी अर्थ मंत्रालय लावतं, आणि २०२० नंतर तिथे बऱ्याच शिफारशी अडल्या. चौकशीला एक वर्ष, मुदतवाढ मिळाली तर दीड वर्ष, वर मंत्रालयाच्या निर्णयाचे तीन महिने. तोवर तगून राहायची ताकद आहे का, हे आधी बघा.

खरी कसोटी कागदांची आहे. माल नुसता स्वस्त असून भागत नाही. परदेशी कंपनी घरच्या बाजारापेक्षा कमी भावाने इथे विकते, त्यामुळे तुमचं नुकसान होतं, आणि त्या नुकसानीचं कारण तीच आयात आहे, हे सगळं दाखवावं लागतं. म्हणजे कच्चा माल, वीज, पगार, उत्पादन, विक्री, गोदामात पडून राहिलेला साठा यांचा काही वर्षांचा हिशेब. शिवाय अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांकडे देशातल्या उत्पादनाचा किमान २५ टक्के वाटा हवा. दोन-तीन बड्या कंपन्यांच्या रसायन किंवा पोलाद उद्योगाला हे जमतं. गाळ्या-गाळ्यांत विखुरलेल्या उद्योगाला एवढे आकडे गोळा करतानाच दम लागतो. या यंत्रणेची सर्वात मोठी उणीव माझ्या मते हीच आहे, आणि सरकारने तिच्याकडे गांभीर्याने बघायला हवं.

बेसिक ड्युटीच्या मागणीला एवढा पुरावा लागत नाही, निवेदन पुरतं. निर्णय मात्र पूर्णपणे सरकारच्या मर्जीवर, आणि कारणं सांगायचं बंधन नाही. त्यात आसियान, जपान, दक्षिण कोरियासारख्या मुक्त व्यापार करारातल्या देशांतून सवलतीच्या दराने येणाऱ्या मालाला वाढीव दराचा फारसा फटका बसत नाही. अँटी-डम्पिंग ड्युटी त्याच देशाच्या मालावर लागू शकते, आणि एकदा लागली की सहसा पाच वर्षं टिकते.

माल कमी किमतीचं बिल दाखवून किंवा भलत्याच एचएस कोडखाली (कस्टम्सच्या मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) येत असेल, तर हे दोन्ही रस्ते चुकीचे. ती तक्रार सरळ कस्टम्सकडे किंवा तस्करी आणि शुल्कचोरीचा तपास करणाऱ्या डीआरआयकडे.

मला विचाराल तर असोसिएशन एकजूट असेल, कॉस्टिंगच्या वह्या चोख असतील आणि माल एक-दोन देशांतूनच येत असेल, तर डीजीटीआर. नाहीतर आधी बजेटचं निवेदन द्या आणि दरम्यान सभासदांचे आकडे जमवायला लागा. तुमचाच कच्चा माल चौकशीत अडकला असेल, तर वापरकर्ता म्हणून नोंदणी करून सुनावणीला जरूर उभे राहा. तुमचं म्हणणं मांडायचा हक्क नियमांनीच दिलाय.